रीडिंग आपलंच घ्या!

मित्रहो, खरं खरं सांगा, जर्नलमधली किती रीडिंग तुम्ही स्वतः घेतली? सीनियरची फाईल मिळाली की पंधरा मिनिटांत ऑब्झर्व्हेशन टेबल तयार! आकडेही झक्कास जुळतात. फक्त व्हायवाला सरांनी "हे कसं आलं रे?" असं विचारलं की तोंडाला कुलूप.

मागच्या गॅदरिंगला नेमकं हेच झालं. आमच्या रूम पार्टनरने स्टँड-अप केलं. मुंबईची लोकल, पुणेरी पाट्या... सगळं मोबाईलवर पाहून पाठ केलेलं. आता यवतमाळात कुठली आली लोकल? आपली नॅरोगेजची शकुंतला, तीही 2016 पासून बंद! हॉल थंडगार, मागून शिट्ट्या. गडी घाबरला, पाठांतर विसरला आणि घरी बोलतो तसा बोलू लागला, "आमच्या घरी पाहुणा आला का माय गिलास अर्धाच भरते. 'पाह्यजे तं आनखी घ्या ना' म्हन्ते, पन गुंड घेऊन सैपाकघरातच उभी राह्यते!"

बाप्पा! असा हशा पिकला की विचारू नका. 2018 चा उन्हाळा ज्यांनी यवतमाळात काढला, त्या प्रत्येकाच्या घरचा तो अर्धा गिलास होता. आपल्याला वाटायचं, ही लाज फक्त आपल्याच घरची. चारशे जण एकदम हसले तेव्हा कळलं, अरे, सगळ्यांच्या माया सारख्याच!

मला वाटतं, रोजच्या जगण्यावरच्या विनोदाची ताकद हीच. तो नवीन काहीच सांगत नाही. सगळ्यांनी पाहिलेलं, पण कुणीच न बोललेलं तो बोलून टाकतो. आणि हे काही काल इंटरनेटवरून आलेलं नाही. पु. लं.नी 1961 साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. लक्ष्मण देशपांड्यांनी 1979 पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने पन्नासच्या वर माणसं रंगवली. (ते वऱ्हाड लग्नाचं बरं का, आपलं नव्हे!)

पण आपलंही होतंच की! बोरी अरबचे शंकर बडे 'अस्सा वऱ्हाडी माणूस' घेऊन गावोगाव फिरले. नेर तालुक्यातल्या धनज माणिकवाड्याच्या डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांची 'मिर्झा एक्सप्रेस' ऐकायला रात्री मैदानं भरायची. शेतकरी, सासू-सून, पुढारी, कुणीच सुटलं नाही. सिनेमात वऱ्हाडी बोलणारा बहुतेकदा हसं करून घ्यायलाच येतो. पुण्यात इंटर्नशिपला गेल्यावर माझ्या तोंडून 'काऊन' निघालं, तर अख्खं टेबल हसलं. ते माझ्या बोलीला हसले. बडे आणि मिर्झांच्या मैफिलीत लोक आपल्या बोलीत हसायचे. फरक फक्त एका प्रत्ययाचा, पण एकाने मान खाली जाते, दुसऱ्याने ताठ होते.

काही जण म्हणतील, कापूस बुडतो, कर्ज वाढतं, अशा जिल्ह्यात कसलं आलंय हसू? पण त्याच कापूसवाल्यांनी तर या मैफिली डोक्यावर घेतल्या! दुःख विसरायला नाही, तर ते आपल्या एकट्याचं नाही हे समजायला.

तेव्हा यंदाच्या गॅदरिंगसाठी एकच विनंती. मोबाईल खिशात ठेवा. एसटी स्टँडवर तासभर बसा, मेसमधल्या काकूंचं बोलणं ऐका, घरी गेलात तर मायच्या हातातल्या गुंडाकडे पाहा. कॉपी केलेल्या रीडिंगवर मार्क मिळतात हो, हशा नाही मिळत!