निजामाची स्पिटफायर, परभणीचा शेतसारा

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिणेकडील डॉर्सेट परगण्यात, वॉर्मवेलच्या धावपट्टीवरून स्पिटफायर विमानांची एक तुकडी जर्मन विमानांवर झेपावत असे. तिचे नाव ‘१५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन’; बोधचिन्हावर चक्क निजामाची पगडी! हरिकेन विमानांची २५३ क्रमांकाची तुकडीही ‘हैदराबाद स्टेट’ हे नाव मिरवीत होती. ही नावे म्हणजे निजामाच्या देणगीची पोच. पहिल्या महायुद्धात ११० क्रमांकाच्या तुकडीची बॉम्बफेकी विमानेही त्याच्याच पैशाची.

आज हवाई लढाई म्हटले की क्षेपणास्त्र आठवते. शत्रू नजरेस पडण्याआधीच ते सुटते. त्या काळच्या स्पिटफायरच्या पंखांत आठ मशीनगन असत, प्रत्येकीला सुमारे ३०० गोळ्या. सलग मारा केल्यास सारा साठा पंधराएक सेकंदांत संपे. त्यामुळे वैमानिकाला शत्रूच्या पाठीशी अडीच-तीनशे यार्डांपर्यंत भिडावे लागे.

या तुकड्यांची गोष्ट सांगताना निजामाच्या दातृत्वाचे कौतुक होते. ते अर्धवट आहे. पैसा संस्थानच्या तिजोरीतला असो वा ‘सर्फ-ए-खास’ या खासगी उत्पन्नातला, त्याचा मोठा झरा शेतसाराच होता. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानातला जिल्हा. जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या काळ्या रानात ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या रयतेला या देणगीविषयी कोण विचारणार? जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या स्टेट काँग्रेसवर तर १९३८ मध्येच बंदी आली होती. लंडनच्या आकाशातील स्वातंत्र्यासाठी ज्यांच्या घामाचा पैसा गेला, त्यांना स्वतःच्या गावात सभेचीही मोकळीक नव्हती. हैदराबादच्या नावाचा मान द्यायचाच, तर तो आधी या रयतेला द्यावा.

पुढे १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलिस कारवाई सुरू झाली, तेव्हा भारतीय वायुदलाची टेम्पेस्ट विमाने संस्थानावर आली. हरिकेन बनवणाऱ्या हॉकर कंपनीचीच ही विमाने. निजामाकडे समोर उभे करायला एकही लढाऊ विमान नव्हते. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून चोरून शस्त्रे आणली खरी, पण त्याची लँकॅस्ट्रियन विमाने मालवाहू होती. मराठवाड्याच्या आकाशात विमानांची झुंज झालीच नाही. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

१५२ स्क्वाड्रनचे बोधवाक्य होते ‘विश्वासू मित्र’. निजामाला इंग्रजांनी दिलेल्या किताबावरून ते घेतलेले. त्या सप्टेंबरमध्ये या मित्राच्या मदतीला ब्रिटनचे एकही विमान आले नाही.