स्वमग्न मुले, आपला संघ आणि विसावा भाग

गेल्या एप्रिलमधील जयंतीच्या कार्यक्रमाची एक आठवण मनातून जात नाही. भाड्याने घेतलेल्या सभागृहात भीमगीते सुरू होती आणि ध्वनिवर्धकाचा आवाज नेहमीप्रमाणे टिपेला पोहोचला होता. मागच्या रांगेतील पाच-सहा वर्षांच्या एका मुलाने दोन्ही हातांनी कान झाकले आणि तो ओरडू लागला. काही माना वळल्या. 'लाडावलेला दिसतो,' असे कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले. आई त्याला उचलून बाहेर घेऊन गेली. भोजनदान सुरू झाले तरी ते कुटुंब गाडीतच बसून होते. मी ताट घेऊन गेलो, तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, "दादा, राग मानू नका. पुढच्या वर्षीपासून आमच्यापैकी एकच जण येत जाईल."

देवळाबाहेर, वर्गाबाहेर, पाणवठ्याबाहेर उभे राहण्याचे दुःख ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या सोसले, त्याच समाजाच्या उत्सवातून एक मूल बाहेर जाते आणि कार्यक्रम पुढे सुरू राहतो. या गोष्टीचा विचार आपण सर्वांनी करायला हवा.

स्वमग्नता, जिला आपण बोलताना ऑटिझम म्हणतो, हा मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणा आहे. बोलणे, इतरांशी संवाद साधणे, आवाज, प्रकाश आणि स्पर्श अनुभवणे यांत ही मुले वेगळी असतात आणि त्यांच्यापैकी कोणतीही दोन सारखी नसतात. आईवडिलांच्या संगोपनातील चुकीने स्वमग्नता येत नाही, लसीमुळेही येत नाही. तरीही आपल्या घरांत तिच्याभोवती मौन आहे. 'इकडे दोन-तीन भाषा कानांवर पडतात, म्हणून बोलायला उशीर होतोय,' असे गावाकडे फोनवर सांगून वेळ मारून नेली जाते. कधी पलीकडून उत्तर येते, 'मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.' हे वाक्य बौद्ध घरातूनही ऐकू यावे, याचे वाईट वाटते. पूर्वजन्मीच्या कर्मामुळे माणसाची आजची स्थिती ठरते, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तपासून नाकारला आहे. दुःखी माणसाविषयीची समाजाची जबाबदारी झटकण्यासाठी हा सिद्धान्त वापरला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. जे आपण जातीच्या बाबतीत ओळखले, ते या मुलांच्या बाबतीतही ओळखले पाहिजे.

विनयपिटकाच्या महावग्गातील एक प्रसंग येथे आठवतो. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ केले. नंतर संघाला एकत्र बोलावून त्यांनी समजावले की तुमची काळजी घ्यायला येथे आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आजी-आजोबा, मावशी, आत्या हजारो मैलांवर आहेत. स्वमग्न मुलाच्या आईला दोन तास झोप मिळावी म्हणून मुलाला सांभाळणारे हक्काचे माणूस येथे नाही.

आयर्लंडमध्ये कायदा आहे. २००५ च्या अपंगत्व कायद्याप्रमाणे पालकांनी अर्ज केल्यावर आरोग्य सेवेने तीन महिन्यांत मुलाच्या गरजांचे मूल्यांकन सुरू करायचे आणि पुढील तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते. प्रत्यक्षात २०२५ मध्ये मुदत उलटलेल्या अर्जांची संख्या पंधरा हजारांच्या पुढे गेली. खासगी मूल्यांकनाचा खर्च हजार युरोंच्या वर जातो, आणि एका पगारावर घर चालवणाऱ्या कुटुंबाला तो झेपत नाही. मूल्यांकन झाले तरी वाचा-उपचारासाठी पुन्हा रांग असतेच.

ही पोकळी येथे बऱ्याच अंशी पालकांनीच भरून काढली आहे. आयरिश सोसायटी फॉर ऑटिझम ही संस्था १९६३ पासून काम करते. अ‍ॅडम हॅरिस या स्वतः स्वमग्न असलेल्या तरुणाने अ‍ॅझआयअ‍ॅम ही संस्था उभारली, ती आज देशभर पोहोचली आहे. कॉर्कमधील माहॉन भागात एका दांपत्याने २०१५ मध्ये रेनबो क्लब सुरू केला. तेथे मुले खेळतात, शिकतात आणि पालकांना मन मोकळे करायला जागा मिळते. अशा स्थानिक संस्था बव्हंशी लोकांनी जमवलेल्या निधीवर चालतात.

यावर आपल्यातील काही जण म्हणतील, 'आम्ही हक्काची भाषा शिकलो आहोत, दयेची नाही. सरकारचे काम धर्मादायाने का करायचे?' हा आक्षेप मोलाचा आहे आणि तो विसरता कामा नये. पण येथे निधी आणि हक्क हातात हात घालून चालताना दिसतात. टिपररी परगण्यातील कारा डारमोडी हिचे दोन भाऊ स्वमग्न आहेत. २०२२ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, तिने वयाने मोठ्या मुलांची गणिताची राज्य परीक्षा दिली आणि त्या निमित्ताने आपल्या भागातील स्वमग्न मुलांच्या सोयींसाठी निधी गोळा केला. तीच मुलगी मे २०२५ मध्ये, मूल्यांकनाचा कायदा पाळला जावा म्हणून, संसद भवनाबाहेर सलग पन्नास तास ठिय्या देऊन बसली. सरकारला जाब विचारायलाही संघटना लागते आणि संघटना चालवायला पैसा लागतो, हे आपल्या चळवळीला नवे नाही.

समाजकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग द्यावा, असे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात सांगितले होते. आपण देत नाही असे नाही. गावच्या विहाराला, वसतिगृहाला, विद्यार्थ्यांच्या शुल्काला आपण पैसे पाठवतो, आणि ते थांबवू नये. पण ज्या देशात आपली मुले वाढत आहेत, तेथील शेजाऱ्याचाही त्या विसाव्या भागात काही वाटा असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मग आपलीच वेगळी संस्था का काढू नये? एकतर नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय संस्था म्हणून मिरवता येत नाही. दुसरे म्हणजे, एकाच शहरात दोन-दोन जयंत्या साजऱ्या करणाऱ्या आपल्या मंडळांनी आणखी एका फुटीला निमित्त देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी वेगळे तळे मागितले नाही, सर्वांच्या तळ्यावरचा आपला हक्क बजावला. येथील पालकांच्या संस्था हे असेच सार्वजनिक तळे आहे. तेथे आपण पाणी घ्यायलाही जावे आणि गाळ काढायलाही जावे.

व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. संस्था निवडताना धर्मादाय नियामकाच्या सार्वजनिक यादीत तिचे नाव पाहून घ्यावे. रस्त्यावर डबा घेऊन उभे राहायचे असेल तर गार्डांचा परवाना आवश्यक आहे. एका व्यक्तीने वर्षभरात किमान २५० युरो मान्यताप्राप्त संस्थेला दिले आणि आवश्यक अर्ज भरला, तर तिने भरलेल्या करातून त्या संस्थेला परतावा मिळतो. २५० युरोंवर तो सुमारे ११२ युरो होतो. म्हणजे महिन्याला २१ युरो देणाऱ्या दहा जणांचे वर्षाचे २५२० युरो संस्थेच्या हाती सुमारे ३६५० होऊन पोहोचतात. मात्र प्रत्येकाने स्वतःच्या नावाने द्यायला हवे. सभागृहात टोपी फिरवून जमवलेल्या रकमेला हा लाभ नाही. डब्लिनची महिला मिनी मॅरेथॉन १९८३ पासून भरते आणि तिच्यात सहभागी होणाऱ्या स्त्रिया आपापल्या पसंतीच्या संस्थेसाठी निधी जमवतात. आपल्या भगिनींचा एक गट, शक्य तर दोन-तीन मंडळांचा मिळून, तेथे एका स्थानिक संस्थेसाठी का चालू नये?

पैशांच्या आधी मात्र आपले दार उघडले पाहिजे. कॉर्क परगण्यातील क्लोनाकिल्टी हे गाव २०१८ मध्ये आयर्लंडमधील पहिले स्वमग्न-स्नेही गाव ठरले. तेथील दुकानदार, शाळा आणि सेवा देणारी माणसे या मुलांना समजून घ्यायला शिकली. सबंध गावाला जे जमले ते आपल्या एका सभागृहाला जमू शकते. एक शांत खोली राखून ठेवावी, पहिला तासभर ध्वनिवर्धक मंद ठेवावा, कार्यक्रमाचा क्रम छायाचित्रांसह आधी पालकांना पाठवावा, आणि आईवडिलांना निवांत जेवता यावे म्हणून दोन स्वयंसेवक नेमावेत. यासाठी फारसा खर्च येत नाही.

येत्या जयंतीच्या पहिल्याच बैठकीत हा विषय घ्यावा, अशी माझी सर्व मंडळांना नम्र विनंती आहे. त्या कुटुंबाला मी स्वतः फोन करणार आहे. शांत खोली कोठे आहे, हे मला त्यांना सांगता आले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!