गालिचा लोकरीचा की सिंथेटिक?

इंदूरला छत्रीबागेत माझी आत्या राहते. दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी सोफा सरकवला आणि खालचा गालिचा बघून त्या मटकन खालीच बसल्या. तळहाताएवढी दोन-तीन टकले पडली होती. कसर लागली होती. "आई, आता हा काढूच या. सिंथेटिक आणू. स्वस्त, हलका, धुवायलाही सोपा," वहिनी म्हणाल्या. आत्या काहीच बोलली नाही. काकांनी नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून तो गालिचा आणला होता. थोड्या वेळाने ती मला एवढंच म्हणाली, "तू पेपरात घरावर लिहितेस ना? मग तूच सांग."

घरात रांगणारी नात, आत्याला जुना दमा, आणि मधे हा गालिचा. उत्तर देणं वाटलं तितकं सोपं नव्हतं.

आधी लोकरीचं बघू. आपल्या सीमाभागाला लोकर नवी नाही. सनगरांच्या मागावरची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी आपल्या कितीतरी घरांत आहे. आणि ज्यांच्या छत्र्यांवरून छत्रीबागेला नाव मिळालं ते होळकरही मूळचे धनगरच. तेव्हा आत्याचा लोकरीवरचा जीव काही उगीच नाही! लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका दमटपणा शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पायाखाली दबली तरी पुन्हा उभी राहते. मुख्य म्हणजे ती सहज पेटत नाही. ठिणगी पडली तर जळून काळी होते, पण बहुधा आपोआप विझते. नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन मात्र वितळतं आणि तो चिकट गोळा कातडीला चिकटतो. समई, निरांजन आणि फटाके असलेल्या घरात हे लक्षात ठेवायला हवं.

आता सिंथेटिकची बाजू. त्याला कसर लागत नाही. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून सांडलेला चहा लगेच टिपता येतो. लोकरीचा गालिचा भिजला तर वाळायला दिवस लागतात, वर वास येतो तो वेगळाच. किमतीतही मोठा फरक असतो. पण तेला-तुपाचे डाग सिंथेटिकवर हट्टाने बसतात, जड फर्निचरखाली ते दबतं ते दबतंच, आणि झिजताना त्याचे प्लॅस्टिकचे बारीक तंतू घरभर पसरतात.

दुकानदार म्हणतो म्हणून गालिचा लोकरीचा होत नाही. कडेचा एक धागा काढून, चिमट्यात धरून मोरीत जाळून बघावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली गेली, तर लोकर. धागा वितळून कडक मणी झाला, तर सिंथेटिक. गालिचा उलटूनही बघावा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागूनही स्पष्ट दिसते. मागे कापड आणि डिंकासारखा थर असेल, तर तो गाठींचा नाही. तो थर काही वर्षांनी कोरडा होऊन भुकटीसारखा गळतो. भदोहीच्या हातगालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण नाव भदोहीचं आणि माल भलताच असंही होतं. म्हणून मागची बाजू बघणं चुकवू नये.

राहिला दमा. सिंथेटिक आणलं की खोकला थांबेल, असं वहिनींना वाटत होतं. पण धुळीतले सूक्ष्म किडे दोन्ही गालिच्यांत राहतात. दमेकऱ्याच्या झोपायच्या खोलीत कुठलाच गालिचा नसलेला बरा. कसरीसाठी डांबराच्या गोळ्या टाकायचा विचारही मी मोडून काढला. तान्ह्या मुलाजवळ त्यांचा वास नको. कसर अंधारात, न हलवलेल्या जागी वाढते. म्हणून महिन्यातून एकदा गालिचा उलटावा, उन्हात झटकावा. लोकर धुवायची तर गार पाण्यात रिठा घालून. सोडा नको, आणि ब्लीच तर मुळीच नको, त्यात लोकर विरघळते.

शेवटी आम्ही ठरवलं ते असं. आत्याच्या खोलीत फक्त फरशी, रोज ओल्या फडक्याने पुसलेली. बैठकीत, नात रांगते तिथे, धुता येईल अशी जाड सुती सतरंजी. दाराशी सिंथेटिकचा छोटा तुकडा, चिखलाच्या पायांसाठी. आणि जुना गालिचा? त्याचा मधला चांगला भाग कापून, कडा शिवून घेतल्या आणि उन्हात तापवून त्याची दोन आसनं केली. एक देवघरात आलं. दुसरं आत्याने नातीच्या नावाने बाजूला ठेवलं.

वहिनी हसून म्हणाल्या, "म्हणजे आई, गालिचा गेलाही आणि राहिलाही!"

मैत्रिणींनो, तुम्ही गालिचा घ्यायला निघालात तर आधी दुकानाचा विचार करू नका, खोलीचा करा. तिथे कोण झोपतं, कोण रांगतं आणि दिवा कुठे लागतो, हे कळलं की निम्मी निवड झालीच.