सर्व्हे नंबर सांग, मग मूलनिवासी म्हण

परवा बीडात शिबिर झालं. एक शिकलेला मित्र बोलायला उभा राहिला. म्हणाला, ऑस्ट्रेलियात सभा सुरू करायच्या आधी वक्ता सांगतो की आपण अमक्या आदिवासींच्या भूमीवर उभे आहोत, त्यांच्या वाडवडलांना आमचा मान. शाळेत असंच, विद्यापीठात असंच, पार्लमेंटात असंच. आपणही असंच म्हटलं पाहिजे, कारण ही भूमी आपली, आपण इथले मूलनिवासी. टाळ्या पडल्या. घोषणा झाल्या. पत्रे हालले.

मी मागं बसलेलो. रात्रपाळी करून जिनिंगवरनं तसाच आलेलो, केसात कापूस. उठलो नि विचारलं, गड्यांनो, आपण बसलोय ती जागा कुणाच्या नावावर आहे? गट नंबर कोणता? कुणी सांगेना. म्हटलं, असू द्या, जागा भाड्याची आहे. पण तुमच्या गावात महाराचा हाडोळा कुठं होता? मांगाची इनामी जमीन कुठल्या शिवारात होती? आज तिथं कोण ऊस लावतो? चाळीसेक पोरं असतील. दोन हात वर झाले, तेही अर्धे.

देश आपला म्हणणाऱ्याला गावातला एक तुकडा दाखवता येत नाही. राग आला. म्हणून लिहितोय.

आधी त्या ऑस्ट्रेलियाचंच बघू, कारण मित्रानं अर्धीच गोष्ट सांगितली. १७८८ साली इंग्रजांनी तिथं वस्ती टाकली आणि पुढं त्यांचा कायदा म्हणत राहिला की ही भुई कुणाचीच नव्हती. टेरा नलियस. हजारो वर्षं माणसं राहत होती, पण ती माणसांत धरली नव्हती. हे मोडलं ते भाषणानं नाही. एडी माबो नावाचा माणूस टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात बागेत राबायचा. माळी. तिथल्या प्राध्यापकांशी बोलताना त्याला कळलं की मेर बेटावरची आपल्या बापजाद्यांची जमीन कागदावर आपली नाही, सरकारची आहे. तो हबकला. पण १९८२ साली कोर्टात गेला. कोणत्या कुळाची वाडी कुठं, शीव कुठनं कुठं जाते, कोण कुणानंतर कसत आलं, याच्या साक्षी झाल्या. दहा वर्षं. ३ जून १९९२ ला निकाल लागला की भुई रिकामी नव्हती. निकाल ऐकायला माबो नव्हता, त्याच साली जानेवारीत गेला होता.

सभेच्या आधीचं ते वाक्य आपण उचललं. त्याच्या मागं उभा असलेला माळी आणि त्याचं बांधाबांधाचं ज्ञान तिथंच सोडून आलो.

आता मूलनिवासी. हा शब्द काढला की काही मित्र माझ्यावर तुटून पडतील, पडू द्या. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, बळीच्या राज्याची गोष्ट मांडली. त्या काळात ती सुरुंगासारखी होती. पण बाबासाहेबांनी पुढं काय केलं ते वाचा. १९४६ ला शूद्रांवरचं पुस्तक आलं, त्यात आर्य नावाचा वंश बाहेरनं आला आणि त्यानं इथल्यांना जिंकलं, हा सिद्धांत त्यांनी पुराव्यानिशी खोडला. १९४८ ला अस्पृश्यांवरचं पुस्तक आलं, त्यात अस्पृश्य आणि सवर्ण यांच्यात वंशाचा भेद नाही असं सांगितलं. आपण कोण? टोळ्यांच्या लढायांत मोडलेली, फुटलेली माणसं, जी गावाच्या कडेला राखणीला राहिली आणि नंतर बुद्धाला धरून राहिली. बाबासाहेबांनी आपल्याला पहिल्या मालकाचं सिंहासन दिलं नाही. फोटो त्यांचा लावायचा आणि सिद्धांत त्यांनी टाकून दिलेला चालवायचा, हे कसं?

शिवाय पहिलं कोण, या शर्यतीत आज सगळेच उतरलेत. पाटीलही भूमिपुत्र, कारखान्याचा चेअरमनही भूमिपुत्र. हा शब्द इतका स्वस्त झालाय की त्यावर कुणी गुंठाभर जमीन देणार नाही.

एक मात्र खरं. गाव तिथं महारवाडा ही म्हण गावानंच केली. शिवेचा वाद पडला की महाराची साक्ष धरत. गावाची हद्द त्याला पाठ. ज्याला गावात पाणी भरता येत नव्हतं, त्याच्या तोंडावर गावाची शीव ठरत होती. आणि आज त्याचाच नातू विचारतो, गट नंबर म्हणजे काय रे?

हाडोळा. शब्दातच हाड आहे. गावकीच्या कामाबद्दल दिलेला तुकडा. मेलेलं ढोर ओढ, सांगावा ने, चावडीवर रात्रभर बस, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळ. बदल्यात ही जमीन आणि दारोदार भाकरी. कुणी याचा अभिमान सांगत असेल तर त्यानं गप बसावं. वतन ही बेडी होती. इंग्रजी मुलखात १८७४ च्या वतन कायद्यानं ती बेडी कागदावर पक्की केली, म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं: चाकरी नको, आम्ही रयतेसारखा पुरता सारा भरू, जमीन आमच्या नावावर करा. आपल्या शेजारी, कसबे तडवळ्याला, फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली, बाबासाहेब तिथं आले. महार आणि मांग एका मांडवात, जमिनीसाठी. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

आपण निजामाच्या राज्यात होतो. तिकडं मुंबई राज्यात कनिष्ठ गाव वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. इकडं हैदराबादेत इनामं रद्द करण्याचा कायदा १९५४ चा. चाकरी सुटली, चांगलं झालं. जमीन कुठं गेली?

आमच्या आजीला विचारलं. ती म्हणाली, "व्हता की हाडोळा. वढ्याच्या अंगाला. बाहत्तरच्या दुष्काळात तुज्या पणज्यानं दिला." कितीला दिला? "पैशाला न्हाई रं. जोंधळ्याला. लेकरं मरायलती." आणि कागद? "अंगठा घेतला कशावर तरी." इनामातली जमीन, भोगवटादार वर्ग दोनची, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. पणज्याला हे ठाऊक नव्हतं. घेणाऱ्याला ठाऊक होतं. तलाठ्याला तर पाठ होतं. तरी फेरफार झाला. मी १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाची नक्कल मागायला एका कचेरीत तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब नाहीत, मग पान फाटलंय, मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तेव्हा पान सापडलं. त्यावर पणज्याच्या बापाचं नाव आहे. आमच्या घराण्याचं नाव छापील किंवा लेखी असं मी पहिल्यांदा बघितलं. नावापुढं जात. जात नावापेक्षा ठळक अक्षरात.

गाव कोणतं ते लिहीत नाही. भांडण चालू आहे.

आता गायरान. हाडोळा गेल्यावर माणसं कुठं जाणार? गावाच्या कडेचा मुरूम, टेकाड, बाभळी. तिथं दगड वेचले, बांध घातले, बाजरी पेरली. १९५३ साली दादासाहेब गायकवाडांच्या मागं मराठवाड्यातली माणसं पडीक जमिनीसाठी सत्याग्रहाला उतरली. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसं तुरुंगात गेली, बाया कडेवर लेकरं घेऊन गेल्या. १९७८ ला नामांतराच्या दंगलीत घरं जळाली ती नुसती विद्यापीठाच्या पाटीसाठी नव्हे. ज्यानं गायरान धरलं, सालदारी सोडली, त्याच्याकडं गावाचं आधीपासून लक्ष होतं. पुढं आपल्या जिल्ह्यात एकनाथ आवाड यांनी, जिजांनी, मानवी हक्क अभियानातनं गायरानाचा प्रश्न गावोगाव नेला. २०१५ ला ते गेले. त्यांच्या नावानं जयंती करायला पोरं गोळा होतात, पण गायरानाच्या तारखेला तहसीलात मी एकटा असतो.

सरकारनं १९७८ ला आणि परत १९९१ ला निर्णय काढले की गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची, दलित-आदिवासींची कबजे नियमित करा. १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० ही तारीख धरली. किती जणांची झाली? ज्यांच्यापाशी पावती होती त्यांची. पावती म्हणजे काय, तर अतिक्रमणाचा दंड भरल्याची. गाव नमुना एक-ई, अतिक्रमणांची वही. तिच्यात नाव असणं हाच आपला पुरावा. गुन्हेगार म्हणून नोंद झाली तरच मालक होता येतं, असा हा कायदा. आणि तलाठी शहाणा असला तर ती नोंदही घेत नाही.

२८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्यात सांगितलं, गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा. त्याच साली १२ जुलैला आपल्या सरकारनं गायरान द्यायचं नाही असा निर्णय काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं गायरानावरच्या दोन लाखांवर अतिक्रमणांचा हिशेब घेतला आणि नोटिसा सुटल्या. पण त्याच जगपाल सिंग निकालात एक ओळ आहे: भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनं जमीन दिलेली असेल तर तो अपवाद धरता येईल. नोटीस देणारा ही ओळ वाचत नाही. नोटीस घेणाऱ्यालाही कुणी वाचून दाखवत नाही. तुम्ही वाचून दाखवा ना! तुम्ही शिकलात कशाला?

आणि तमाशा बघा. आपण बाजरी पेरली तर गुरांचं कुरण गेलं. आता सौर कृषी वाहिनी योजनेत तेच गायरान सौर पाट्यांना देता येतं. गुरं आता काच खाणार काय? जमीन रिकामी आहे, असं तेव्हा अहवालात लिहिलं जातं. रिकामी! कुणाचीच नसलेली! कॅप्टन कुकाला जे दिसलं होतं तेच दिसतं यांना. माणसं उभी असतात आणि भुई रिकामी दिसते.

आणखी एक बोलतो. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. कुणबी नोंदी शोधायला मराठवाडाभर रेकॉर्डच्या खोल्या उघडल्या. मोडी वाचणारे आणले, उर्दू वाचणारे आणले, हैदराबादपर्यंत जाऊन निजामाचे कागद चाळले. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी मागितलं, सरकारला हलवलं. पण भावांनो, ज्या गाठोड्यात कुणबी लिहिलंय त्याच जुन्या कागदांत महाराचा हाडोळाही लिहिलाय, मांगाचं इनामही लिहिलंय. पान उलटताना त्या माणसांच्या बोटाखालनं आपली नावं गेली असतील. आपण मात्र बाहेर मूलनिवासी म्हणत उभे. सरकारला कुणबी सापडतो, हाडोळा सापडत नाही, आणि आपल्यालाही सापडत नाही.

आता आपल्या अंगावर येतो. आमच्या वस्तीच्या वर, गायरानाच्या टोकाला, एका पावसाळ्यात पारध्याची तीन पालं पडली. तीन बाया, दोन म्हातारे, लेकरं, कोंबड्या. १८७१ च्या कायद्यानं ज्यांच्या सगळ्या जातीला जन्मतः गुन्हेगार ठरवलं, १९५२ ला कायदा गेला पण पोलिसाची काठी गेली नाही, ती ही माणसं. आमच्या वस्तीनं काय केलं? बैठक घेतली. चोऱ्या होतील म्हणाले. आमच्या जमिनीत कशाला, म्हणाले. आमच्या! सकाळी पालं उठवली. निळा झेंडा तिथंच फडकत होता. मी तेव्हा सोळा वर्षांचा, मीही दगड उचलला होता. मारला नाही, पण उचलला होता. पारध्याचं नाव खासरा पत्रकात नाही, हाडोळ्यात नाही, एक-ई मध्येही नाही. तो कुणाच्या भूमीवर जन्मला हे कुठली वही सांगणार?

म्हणून मला पहिला मालक कोण हे भांडण पुरत नाही. १९४७ साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं. त्यात मागणी अशी की शेतजमीन राज्याच्या मालकीची व्हावी आणि गावातल्यांना जातपात न बघता कसायला द्यावी. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. यात पहिलं कोण आलं याला जागा नाही, आणि पारध्याला जागा आहे. हाडोळ्याची नोंद मला पणज्याच्या मोठेपणासाठी नको आहे. कुणी कुणाला कसं उठवलं त्याचा पंचनामा म्हणून हवी आहे.

आणि माझं विचाराल तर मी कुणाच्याच भूमीवर जन्मलो नाही. माय-बा ऊसतोडीला गेले होते. कारखान्याच्या तळावर कोपीत, पाचटावर जन्मलो. जानेवारीत. तिसऱ्या दिवशी माय मोळी बांधायला गेली. दाखल्यावर जन्मगाव बीड जिल्ह्यातलं लावलंय, तारीख मास्तरानं जूनची लावली. तो तळ कोणत्या गावात होता हे मायला आठवतं, कोणाचा मळा होता हे आठवत नाही. "पाण्याची टाकी व्हती जवळ," एवढंच म्हणती.

तर पुढचं काम. प्रत्येकानं आपल्या गावची चार कागदं काढायची: १९५४-५५ चं खासरा पत्रक, इनामी गटांचे फेरफार, आजचा सातबारा, आणि एक-ई ची नक्कल. न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शिवारात न्यायचं आणि ती बोट दाखवील तिथला गट नंबर लिहून घ्यायचा. ती मरायच्या आधी. मांगवाड्यात जायचं, पालावर जायचं, नुसतं बौद्धवाड्यात फिरायचं नाही. पुढल्या शिबिरात भाषणाआधी हे कागद टेबलावर पाहिजेत.

येत्या गुरुवारी माझी दिवसपाळी सुटी आहे, तहसीलला जातोय. दोघं-तिघं या. जुनी उर्दू वाचणारा एक जण लागेल, कुणाच्या ओळखीत असला तर घेऊन या. त्याचा चहा-नाश्ता माझ्याकडं.

जयभीम.