खणलेला रस्ता आणि चैत्रातले उत्सव

फाल्गुन सरत आला की शहरांतून दोन प्रकारची लगबग एकाच वेळी सुरू झालेली दिसते. एकीकडे गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची, रामजन्माच्या पाळण्याची आणि हनुमान जयंतीच्या पालखीची सिद्धता चाललेली असते. दुसरीकडे त्याच गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचे आडोसे उभे राहतात, खोदयंत्राची घरघर सुरू होते आणि ‘काम चालू, रस्ता बंद’ अशी पाटी लागते. ही गाठ योगायोगाने पडत नाही. मुंबई महानगरपालिका पावसाळ्यात रस्त्यांची नवी खणती करू देत नाही. साधारणतः १ ऑक्टोबर ते ३१ मे एवढाच अवधी मोठ्या कामास मिळतो. संन्याशांप्रमाणे रस्त्याचा ठेकेदारही एक चातुर्मास पाळतो म्हणा ना! तो सरत आला की कुदळ उचलली जाते, आणि मग दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा प्रत्येक सण तिच्या वाटेत उभा राहतो.

मुंबईचेच उदाहरण घेण्याचे कारण असे की, तेथे हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. महानगरपालिकेच्या ताब्यात सुमारे २,०५० किलोमीटर लांबीचे रस्ते आहेत. त्यांपैकी सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचा पहिला टप्पा १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन होऊन सुरू झाला. पुढे दुसरा टप्पाही हाती घेण्यात आला आणि कामाचा दर्जा तपासण्यासाठी पवई येथील आयआयटी या संस्थेस पाचारण करण्यात आले. गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड अशा जुन्या वस्त्यांत, जिथे चाळीच्या पायरीपासून रस्ता चार पावलांवर, तिथे या कामाची झळ घराघराला लागली. २०२५ साली तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. ३१ मेच्या भरवशावर आखलेल्या कामांना ते पाच दिवस किती महाग पडले, हे त्या चिखलातून शाळेची पुस्तके आणावयास गेलेल्या आईबापांनाच ठाऊक!

अशा वेळी नागरिकांचा राग कशावर असतो, हे आम्ही कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना पुष्कळ ऐकले आहे. रस्ता खणला म्हणून कोणी फारसे रागावत नाही. सांगितल्यावाचून खणला आणि सांगितलेल्या दिवशी उघडला नाही, म्हणून माणसे चिडतात. आणि मग सण जवळ आला की मंडळाचे कार्यकर्ते, नगरसेवक, वजनदार भाविक असे सर्व मिळून ठेकेदाराच्या मागे लागतात की, काही झाले तरी रामनवमीच्या आत रस्ता मोकळा करा. ठेकेदारही मोकळा करतो. त्याला काय? येथेच खरी मेख आहे आणि तिच्याविषयी आम्हांस चार शब्द स्पष्टपणे लिहावयाचे आहेत.

डांबरी रस्त्याची गोष्ट निराळी. गरम मिश्रण अंथरले, रोलर फिरला, थर निवाला की त्याच दिवशी गाडी जाऊ शकते. काँक्रीटचे तसे नाही. जुना रस्ता खणून, जमीन चोपून, प्रथम हलक्या काँक्रीटचा पाया घालावयाचा. त्यावर मुख्य थर ओतावयाचा. आणि मग ओल्या गोणपाटाने वा पाण्याचे वाफे बांधून त्यास दिवसच्या दिवस भिजत ठेवावयाचे. वरून पाहणाऱ्यास तो थर दुसऱ्याच दिवशी दगडासारखा भासतो. वस्तुतः सात दिवसांत त्याला जेमतेम दोन-तृतीयांश बळ येते आणि पुरते बळ येण्यास अठ्ठावीस दिवसांचा हिशेब धरलेला असतो. आपल्या पंचांगावर हा हिशेब मांडून पाहावा. होळी पौर्णिमेला ओतलेला थर पाडव्याला पंधरा-सोळा दिवसांचा होतो, रामनवमीला तेवीस-चोवीस दिवसांचा. म्हणजे दोन्ही वेळी अपुराच. हनुमान जयंतीला मात्र चांद्रमास पुरा होतो आणि अठ्ठावीस दिवस उलटून गेलेले असतात. पाडव्याच्या शोभायात्रेत ढोलताशांच्या मागे चित्ररथांचे मालमोटारीवरचे ओझे चालते, हे लक्षात घेतले म्हणजे या पंधरा दिवसांची किंमत कळते. लवकर घट्ट होणारी खास मिश्रणे असतात आणि त्यांनी अवधी घटतो हे खरे. पण ते मिश्रण आपल्या गल्लीत वापरले आहे काय, हे अभियंत्याने सांगावयाचे आहे, मंडळाच्या अध्यक्षाने ठरवावयाचे नाही.

म्हणून आमचे मत असे की, उत्सवासाठी रस्ता घाईने उघडून मागू नये. उत्सवाने आपली वाट बदलावी. यात धर्माला कमीपणा येतो असे ज्यांस वाटते त्यांनी आपल्याच देवघरातील संकल्प आठवावा. कोणतीही पूजा आरंभिताना आपण प्रथम देश आणि काल यांचा उच्चार करतो. कोणत्या स्थळी, कोणत्या संवत्सरात, कोणत्या तिथीस हे कर्म करीत आहोत ते सांगतो, आणि मगच पुढचा विधी. ज्या परंपरेने कर्माच्या आधी स्थळकाळाची दखल घेतली, तिला यंदा आपली गल्ली खणलेली आहे एवढी गोष्ट जड जाण्याचे कारण नाही. पालखी शेजारच्या आळीतून न्यावी. त्या आळीतल्या मंडळींस एक महिना आधी सांगावे, म्हणजे तेथील सुवासिनी सडारांगोळी घालून वाट पाहतील. पूर्वी पालखी ज्यांच्या दारी कधी गेली नाही, अशी घरे प्रत्येक गावात असतात.

एका वाटेचा मात्र अपवाद आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गनिवेशाच्या प्रकरणी मार्गांच्या रुंदी सांगितल्या आहेत. गावातल्या साध्या रथ्येस चार दंड, राजमार्गास आठ दंड. आणि वाचक थोडे थांबून वाचतील तर स्मशानाच्या वाटेसही त्याने आठच दंड दिले आहेत. एक दंड म्हणजे सुमारे सहा फूट. राजाच्या रथाला जेवढी वाट, तेवढीच शवाला! पुढे व्यवहाराच्या प्रकरणात, माणसांची व लहान जनावरांची जी केवळ दोन अरत्नी रुंदीची पायवाट, ती अडविणारासही त्याने बारा पण दंड सांगितला. अरत्नी म्हणजे एक हात. रस्ता कितीही बंद झाला, तरी ही दोन हातांची पायवाट आणि ती शेवटची वाट बंद होऊ नये, एवढे भान दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथास होते.

आजच्या गल्लीत याचा अर्थ सरळ आहे. खणतीच्या कडेने माणूस धरून चालेल अशी फळ्यांची वा मुरुमाची सलग वाट हवी, तिला कठडा हवा, रात्री दिवा हवा. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब कोणत्या तोंडाने येईल ते काम सुरू होण्यापूर्वी ठरलेले हवे. गेल्या काही वर्षांत एका उपनगरात रामनवमीच्या कीर्तनास गेलो असता आम्ही पाहिले की, तिसऱ्या मजल्यावरील एका आजोबांना खुर्चीत बसवून चार तरुणांनी खड्ड्यापलीकडे उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेपर्यंत नेले. फळी एकच होती आणि तीही हलत होती. त्या तरुणांचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु दुसरी फळी टाकण्याचे काम त्यांचे नव्हते.

प्रापंचिकांनी काय करावे, हे आमच्या पंढरपूरकरांस विचारावे. वर्षाच्या चार मोठ्या यात्रांत मंदिराच्या परिसरात वाहने येत नाहीत, हे तेथील घरे पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरीत आली आहेत. आषाढीच्या आधी धान्य भरून होते, गॅसचे सिलिंडर आणून ठेवलेले असते, म्हाताऱ्यांची औषधे घरात असतात, आणि ज्याची गाडी आहे तो ती आधीच बाहेरच्या अंगाला नेऊन लावतो. तीच रीत येथे लागू करावी. पत्रे लागण्याच्या आदल्या रात्री गाडी बाहेर काढली नाही तर ती महिनाभर आत अडकते. कचऱ्याची गाडी कोठे थांबेल, दूध कोण नाक्यावरून आणील, ज्यांच्या घरी डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा जाणारे माणूस आहे त्यांना कोण सोबत करील, हे चाळीच्या वा सोसायटीच्या एका बैठकीत ठरते. लग्नमुंजीचे मुहूर्तही याच महिन्यांतले. कार्यालय ठरविताना तिथीबरोबर रस्त्याची चौकशी केलेली बरी. अलीकडे मुलीकडची मंडळी पत्रिकेच्या आधी वाहनतळाची चौकशी करतात, त्यांना आम्ही पूर्वी हसत असू!

आता आपल्या वागण्याविषयी. नव्या रस्त्यावर मांडवाचे खांब रोवण्यासाठी पहारीने भोके पाडावयाची आणि त्याच रस्त्यावर होळी पेटवावयाची, ही सवय उत्सवप्रेमी मंडळींनी सोडली पाहिजे. मांडवाच्या खड्ड्यांचा दंड मुंबईत २०२५ साली दर खड्ड्यास २,००० रुपयांवरून १५,००० रुपये करण्यात आला होता; गणेशोत्सव मंडळांनी हरकत घेताच तो पुन्हा २,००० वर आला. दंड कमी झाला, पण खड्ड्याचे पाणी काही कमी मुरत नाही. वाळूने भरलेल्या पिंपात खांब उभे करता येतात. होळीसाठी मातीचा जाड थर, विटांचा ओटा किंवा जवळचे मैदान असते.

आणि शेवटी सर्वांत नाजूक प्रश्न, तो जमिनीखालचा. काँक्रीटचा रस्ता बांधला जातो आणि वर्षभरात नळासाठी, गॅसच्या नळीसाठी, विजेच्या तारेसाठी तो पुन्हा फोडला जातो. लावलेले ठिगळ मूळ थराशी कधीच एकजीव होत नाही. याचा दोष खात्याखात्यांतील विसंवादाकडे जातो हे निर्विवाद, पण थोडा आपल्याकडेही येतो. ज्या इमारतीस गॅसची जोडणी घ्यावयाची आहे, ज्यांचा जुना नळ गंजला आहे, ज्यांच्या गटाराचा चेंबर दर पावसाळ्यात तुंबतो, त्यांनी पत्रे लागण्यापूर्वीच विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बैठकीस अभियंता आला की त्यास तीन तारखा विचाराव्यात : रस्ता कोणत्या दिवशी बंद होणार, मुख्य थर कोणत्या दिवशी ओतणार, आणि त्यावर वाहन जाऊ देण्याचा दिवस कोणता. त्या तिन्ही तारखा इमारतीच्या फळ्यावर, रामनवमीच्या कार्यक्रमपत्रिकेच्या शेजारीच लिहून ठेवाव्यात.