परदेशातील वाढदिवस

ख्रिस्ती सेवाकार्यासाठी आठ-पंधरा दिवस परदेशी जाऊन येण्याची प्रथा अमेरिकेतील चर्चमंडळींत चांगलीच रुजली आहे. शाळा-महाविद्यालयांतील मुले सुट्टीत मेक्सिको, ग्वातेमाला, केनिया अशा देशांत जातात, शाळांच्या भिंती रंगवितात, लहान मुलांना बायबलमधील गोष्टी सांगतात. अशा मुक्कामात एखाद्याचा वाढदिवस आला की यजमान आपल्या परीने जेवणाचा बेत करतात, गाणी म्हणतात. आणि घरी परतल्यावर तो तरुण सांगतो की, आजवरच्या वाढदिवसांत खरा वाढदिवस तोच. त्याच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. सेवा करावयास आलेल्या माणसाचीच त्या दिवशी सेवा होते, आणि ती करणाऱ्यांची गणना मात्र सेवा घेणाऱ्यांत होते.

हा प्रश्न आजचा नाही. परदेशी साजऱ्या झालेल्या मिशनऱ्यांच्या वाढदिवसांत डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे अखेरचे दोन वाढदिवस या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. १९ मार्च १८१३ हा त्याचा जन्मदिवस. १८७२ साली हा दिवस उजाडला तेव्हा तो आजच्या टांझानियातील उन्यान्येम्बे येथे होता. त्याला शोधून काढणारा स्टॅनली पाचच दिवसांपूर्वी निरोप घेऊन गेला होता. आपल्याबरोबर स्वदेशी परत चला, हा त्याचा आग्रह लिव्हिंग्स्टनने मानला नव्हता. त्या दिवशी त्याने रोजनिशीत आपले जीवन ईश्वराला नव्याने वाहिले. पुढच्या वर्षी साठावा वाढदिवस आला तो बांग्वेउलू सरोवराच्या दलदलीत. पाऊस खळत नव्हता, सरोवर ओलांडण्यासाठी होड्या मिळत नव्हत्या, शरीर आजाराने पोखरले होते. तरीही रोजनिशीत त्या दिवशी ईश्वराचे आभारच आहेत. या श्रद्धेपुढे नतमस्तक व्हावे अशीच ती आहे. परंतु त्या साठीपर्यंत त्याला कोणी आणले, हेही त्याच रोजनिशीत आहे. खोल, गवताळ प्रवाह ओलांडताना सुसी आणि इतर सहकारी आळीपाळीने त्याला खांद्यांवर घेत होते, याचे वर्णन त्याने स्वतःच करून ठेवले आहे.

या सहकाऱ्यांपैकी काहींचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध होता, ही गोष्ट येथील वाचकांच्या फारशी स्मरणात नाही. चुमा हा गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातून सुटलेला मुलगा. तो काही काळ मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला. नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने मुक्त झालेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालविला होता. जानेवारी १८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईहून निघाला तेव्हा त्या आश्रमातील नऊ तरुण त्याच्या तुकडीत होते. पुढे १८७२ मध्ये स्टॅनलीने जी माणसे धाडली त्यांत याच आश्रमात वाढलेला जेकब वेनराइट होता. आफ्रिकेत जन्मलेल्या, गोदावरीकाठी लिहावयास शिकलेल्या या तरुणाचे नाव मात्र इंग्रजी, तेही दुसऱ्यांनी ठेवलेले.

यांचे वाढदिवस कोणते? चुमाचा मृत्यू १८८२ मधला, सुसीचा १८९१ मधला आणि वेनराइटचा १८९२ मधला, हे सांगता येते. जन्माच्या बाबतीत मात्र वर्षापुढे ‘सुमारे’ हा शब्द घालावा लागतो. आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलाच्या नावापुढे गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. कचेऱ्यांतून एकाच दिवशी निवृत्त होणाऱ्या कारकुनांची रांग त्याची साक्ष आहे. या तिघांना ती सोयीची तारीखही लाभली नाही. गुलामांच्या तांड्यात हाकलल्या गेलेल्या मुलापाशी आईच्या आठवणीवाचून जन्माचा दुसरा दाखला नसतो, आणि आईच सुटली की तोही जातो. ज्याचा जन्मदिवस रोजनिशीत नोंदला गेला आणि ज्यांच्या खांद्यांवर तो पाहण्यास मिळाला, त्यांच्यात हे अंतर होते.

आजचा पंधरा दिवसांचा प्रवासी लिव्हिंग्स्टन नव्हे, आणि आजचे यजमान गुलाम नव्हेत. तरीही अंतराची जात तीच आहे. पाहुण्याच्या वाढदिवसाचे छायाचित्र घरी जाते. त्यात मागे उभ्या असलेल्या स्वयंपाकिणीचे नाव फार थोड्यांना सांगता येते. इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने १९६८ मध्ये मेक्सिकोला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना स्पष्टच बजावले होते की, पाहावयास या, शिकावयास या, परंतु मदत करावयास येऊ नका. हा सल्ला अति कठोर आहे. कोणी परदेशी जाऊच नये, असे म्हटले तर माणसांची ओळख व्हावयाची कशी? इलिचच्या बोलण्यातील मर्म एवढेच घ्यावे की, उपकार कोणाचे कोणावर, हा हिशेब पाहुण्याने आधीच मांडून आणू नये. परक्या घरात परक्या हातांनी वाढलेले ताट समोर येते तेव्हा आपण देणारे नसून घेणारे आहोत, हे कबूल करण्याची संधी वाढदिवसाइतकी दुसरा कोणता दिवस देत नाही. आणि त्या घरातल्या मुलाचा वाढदिवस केव्हा येतो, एवढे विचारण्यास कोणत्याही धर्मसंस्थेची परवानगी लागत नाही.

साठाव्या वाढदिवसानंतर दीड महिन्याच्या आतच, मे १८७३ च्या आरंभी, चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याचे हृदय सहकाऱ्यांनी तेथेच एका झाडाखाली पुरले. उत्तरक्रियेची प्रार्थना वेनराइटने वाचली. मग देह उन्हात सुकवून त्यांनी तो दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर वाहून नेला, आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचविला. त्या झाडाच्या खोडावर वेनराइटने एक लेख कोरला होता. लाकडाचा तो तुकडा पुढे लंडनला नेण्यात आला. त्यावर लिव्हिंग्स्टनचे नाव आहे, तारीख आहे, काही सहकाऱ्यांची नावे आहेत. कोरणाऱ्याने स्वतःचे नाव त्यात घातलेले नाही.