कळून घेण्याचा हक्क

पंचाहत्तरी उलटलेल्या एक काकू औषधांची पिशवी घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, यातली कुठली गोळी कशासाठी, तेवढं सांगाल का?" बाहेर रांग होती. "चिठ्ठीत लिहिलंय तशा घेत जा," असे म्हणून मी त्यांची बोळवण केली. आठवड्याभरात त्या चक्कर येऊन पडल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. पिशवी उघडली, तेव्हा रक्तदाबाची एकच गोळी दोन निरनिराळ्या नावांनी निघाली. त्या दोन्ही घेत होत्या.

काकूंचा प्रश्न ही भाबडी शंका नव्हती. तो त्यांचा हक्क होता. १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याचे २७ वे कलम वैज्ञानिक प्रगतीत आणि तिच्या लाभांत प्रत्येकाचा वाटा मानते. १९६६ च्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराने हा हक्क सहभागी राष्ट्रांवर बंधनकारक केला. भारताने तो करार १९७९ मध्ये स्वीकारला. 'लाभ' म्हणजे नेमके काय, हे संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने २०२० मध्ये विशद केले. लस, औषध, उपकरण हे लाभ आहेतच. पण वैज्ञानिक ज्ञान आणि माहिती हाही लाभच होय. फसव्या, छद्मवैज्ञानिक उपचारांपासून लोकांना जपणे हेही शासनाचे कर्तव्य ठरते.

औषध परवडणे हाही या हक्काचाच भाग. क्षयरोगाच्या उपचारात श्रवणशक्ती गमावलेल्या दोन तरुणींनी, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची, बेडाक्विलिन या औषधाची मक्तेदारी लांबवू पाहणाऱ्या पेटंट अर्जाला भारतात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला आणि स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी झाली.

आपल्याला एवढे मोठे पाऊल उचलावे लागत नाही. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व औषधे सोबत न्यावीत. प्रत्येक गोळी कशासाठी, किती दिवस, कोणता त्रास झाल्यास कळवावे आणि तिचे जेनेरिक नाव काय, हे निःसंकोच विचारावे. ऐकू कमी येत असेल, तर मोठ्या अक्षरांत लिहून मागावे. मात्र विचारल्यावाचून कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये.

काकूंच्या प्रत्येक पाकिटावर आता मी स्वतः मराठीत लिहून देतो. त्याला जेमतेम पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे मागण्यात कोणीही संकोच बाळगू नये.